सांध्यांची तपासणी एकाच फेरीत: चिठ्ठी, कागदपत्रं आणि कार्ड

गोव्यातल्या साखळीहून पणजी, तिथं बस बदलून पुढं, आणि कदंब बसच्या त्या उंच पायऱ्या. गुडघे धरलेल्या आईला घेऊन हे मी एकाच दुखण्यासाठी चारदा केलंय. एकदा डॉक्टर, एकदा एक्स-रे, एकदा रिपोर्ट, आणि चौथ्यांदा गेलो तर डॉक्टर रजेवर. हॉस्पिटलचं नाव जाऊ दे.

वन स्टॉप क्लिनिकात हे सगळं एका सकाळीत उरकतं: स्पेशालिस्ट बघतो, लगेच एक्स-रे, सोनोग्राफी, रक्त, फिजिओही तिथंच, गरज पडली तर सांध्यात इंजेक्शनसुद्धा. रक्ताचे काही रिपोर्ट मात्र नंतरच येतात हां. पण खरा फायदा बसभाडं वाचण्याचा नाही, आमवात असेल तर औषध जितकं लवकर चालू तितके सांधे वाकडे व्हायचे टळतात, म्हणून महिने वाया घालवू नयेत.

कोणी जायचं? सकाळी उठल्यावर बोटं अर्धा-पाऊण तास आखडलेली, सांधे सुजलेले, किंवा गुडघ्यानं जिना चढवत नाही असं असेल त्यांनी. एकच सांधा अचानक लाल, गरम आणि वर ताप असेल तर चिठ्ठीबिठ्ठी सोडा, सरळ कॅज्युअल्टी गाठा.

आधी पीएचसीतून (प्राथमिक आरोग्य केंद्र) किंवा फॅमिली डॉक्टरकडून चिठ्ठी घ्या आणि तिथंच विचारा ही सोय कुठं आहे, वार कुठला, अपॉइंटमेंट लागते का. चिठ्ठीत दुखणं कधीपासून आणि कुठला सांधा हे लिहून घ्याच, नुसतं 'जॉइंट पेन' लिहिलं की तिकडं परत पहिल्यापासून सुरू. सोबत आधार, जुन्या फिल्म (रिपोर्टचा कागद पुरत नाही), आणि गोळ्यांची पाकिटं. रक्त पातळ व्हायची गोळी चालू असेल किंवा शुगर असेल तर इंजेक्शनआधी सांगायलाच हवं, त्यातल्या स्टिरॉइडनं शुगर काही दिवस चढते. आईनं गोळ्या पाकिटातून काढून एका डबीत भरल्या होत्या, पांढरी कुठली आणि पिवळी कुठली ते सांगता सांगता माझा घाम निघाला.

आता दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड, म्हणजे गोवा सरकारचा आरोग्य विमा. गोव्यात 5 वर्षं राहणाऱ्या कुटुंबाला मिळतं, तिघांपर्यंत वर्षाला 2.5 लाख, चार किंवा जास्त माणसं असतील तर 4 लाखांचं कव्हर. सरकारी नोकर, ज्यांना सरकारची दुसरी आरोग्य सोय आहे, ते यात नाहीत. लोक इथंच फसतात, कार्ड यादीतल्या उपचारांसाठी आहे, खाजगीत नुसत्या ओपीडीच्या एक्स-रेला दाखवून उपयोग नाही. ऑपरेशनची गोष्ट निघाली तर आपलं ऑपरेशन यादीत बसतं का ते डेस्कवर आधी विचारा, मगच तारीख घ्या.

आणि कपडे सैल घाला. आमच्या पुढं एक बाई घट्ट लेगिंग घालून आलेली, गुडघा उघडा करता करता नंबर गेला, मग आईचाच आधी लागला.