इंदूरची बाळंतिणीची खोली

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंदुरातल्या मराठी घरांत बाळंतपण घरीच होई. त्यासाठी खोली निवडायची ती बहुधा सगळ्यांत काळोखी. खिडकी बंद, कोपऱ्यात शेगडी, धुरी आणि अंथरायला जुनेर, कारण सुयेर फिटलं की ते टाकूनच द्यायचं. दहा दिवस बाळंतिणीला शिवायचं नाही. शिवायची ती सुईण, आणि तीही पुष्कळदा अशा जातीची, जिला एरवी घरात पाऊल टाकू देत नसत.

त्या काळच्या अहवालांत आई दगावण्याचा दोष बहुतेक या सुईणीच्या माथी मारलेला असतो. न धुतलेल्या हातांनी सूतिकाज्वर, म्हणजे बाळंतिणीचा जीवघेणा ताप, होई, अस्वच्छ विळ्याने नाळ कापल्यावर बाळाला धनुर्वात होई, हे खरंच आहे. पण स्वच्छ कापड, गरम पाणी, उजेड हे द्यायचं होतं घराने, आणि विटाळाच्या नावाखाली ते नाकारलं घरानेच. कोवळ्या वयातलं पहिलं बाळंतपण आणि पाठोपाठची पुढची, यातही सुईणीचा काय दोष?

पडद्यामुळे पुरुष डॉक्टर चालत नसे. कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन मिशनच्या डॉ. एलिझाबेथ बीटी १८८४ मध्ये आल्या, डॉ. मॅरियन ऑलिव्हर १८८६ मध्ये. १८९१ मध्ये इंदुरात स्त्रियांसाठी मिशनचं रुग्णालय उघडलं. देशभरात व्हाइसरॉयची पत्नी लेडी डफरिन यांच्या डफरिन फंडाने १८८५ पासून स्त्री-डॉक्टरांसाठी पैसा उभा केला. मात्र पिढीजात सुईणींनाच शिकवावं, हा विचार पुढच्या एका व्हाइसरॉयची पत्नी लेडी कर्झन यांच्या १९०३ च्या व्हिक्टोरिया फंडाने धरला. विद्यावेतन देऊनही अनेकजणी वर्गाला येत नसत. हातातलं काम सोडून बसणं त्यांना कुठलं परवडणार?

प्लेगने गांजलेल्या इंदूरसाठी होळकर दरबाराने स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडीस यांना बोलावलं. त्यांचा नगररचनेचा अहवाल १९१८ चा. शहर साफ करण्यासाठी त्यांनी दिवाळीत मिरवणूक काढली, तुळशीची रोपं वाटली आणि सफाई कामगारांना पांढऱ्या स्वच्छ कपड्यांत मानाने चालवलं. माझ्या मते या सगळ्या कहाणीतली ही सर्वांत महत्त्वाची गोष्ट. घाण काढणाऱ्याला मान दिल्याशिवाय घाण जात नाही, हे तिथे भर रस्त्यावर मान्य झालं. सुईणीला तसा मान कोणी दिला नाही. सूतिकाज्वरावर जंतू मारणारी सल्फा औषधं यायला १९३० च्या दशकाचा उत्तरार्ध उजाडला. तोवर साबण, उकळलेलं पाणी आणि उघडी खिडकी एवढाच इलाज होता.