कपाटाच्या माथ्यावरचा चिकटा

दिवाळीच्या आधी स्वयंपाकघराच्या सफाईचे व्हिडिओ मोबाइलवर फिरू लागतात आणि त्यांपैकी अनेकांत एकच कृती दाखवलेली असते : एक्झॉस्ट फॅनच्या पात्यांवर खाण्याचा सोडा भुरभुरायचा, वरून लिंबू पिळायचे किंवा व्हिनेगर ओतायचे आणि फेस आला की मळ सुटला असे समजायचे. प्रत्यक्षात हा फेस म्हणजे सोडा आणि आम्ल यांची एकमेकांशी अभिक्रिया होताना बाहेर पडलेला कार्बन डायऑक्साइड वायू असतो. मागे पाणी आणि एक सौम्य क्षार उरतो आणि मळ मात्र जागच्या जागी राहतो. तो का राहतो, हे समजण्यासाठी मुळात तो मळ काय आहे हे पाहायला हवे.

फोडणीचे तेल पाण्याच्या उत्कलनबिंदूपेक्षा बरेच जास्त तापलेले असते. कढीपत्त्याच्या पानांवरचा पाण्याचा थेंब त्यात पडला की क्षणात त्याची वाफ होते. वाफेचे आकारमान पाण्याच्या सुमारे १७०० पट असल्यामुळे आजूबाजूचे तेल बारीक थेंबांच्या रूपाने हवेत उडते. मोठे थेंब ओट्यावर पडतात आणि ते आपण रोज पुसतो. परंतु १० मायक्रॉन (१ मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) व्यासाच्या थेंबाला स्थिर हवेत दोन मीटर खाली यायला दहा-बारा मिनिटे लागतात आणि १ मायक्रॉनचा थेंब तर अर्ध्या दिवसाहून अधिक काळ तरंगू शकतो. गरम हवेबरोबर वर गेलेले हे थेंब कपाटाच्या माथ्यावर, फ्रिजवर, ट्यूबलाइटच्या पट्टीवर निवांतपणे उतरतात, म्हणजेच नेमके तिथे, जिथे वर्षभर आपला हात पोहोचत नाही.

इथून पुढे जे घडते ते विलक्षण आहे. तेलाच्या रेणूत ग्लिसरॉलच्या कण्याला मेदाम्लांच्या तीन लांब साखळ्या जोडलेल्या असतात. करडई, सूर्यफूल, सोयाबीन यांच्या तेलांत लिनोलेइक आम्ल भरपूर असते आणि त्याच्या साखळीत दोन दुहेरी बंध असतात. या दोन दुहेरी बंधांच्या मधोमध जो कार्बन अणू असतो, त्याला जोडलेला हायड्रोजन तुलनेने सहज सुटतो. तो सुटला की तिथे एक मुक्त मूलक, म्हणजे जोडीविना उरलेला इलेक्ट्रॉन असलेला अस्थिर रेणू, तयार होतो, हवेतला ऑक्सिजन त्याला चिकटतो आणि हा नवा, तितकाच अस्थिर मूलक शेजारच्या साखळीतला हायड्रोजन ओढून घेतो, त्यामुळे तीच घटना तिथे पुन्हा घडते. या साखळी अभिक्रियेत तयार झालेली पेरॉक्साइडे पुढे फुटतात आणि त्यांच्या तुकड्यांमधून एका रेणूची साखळी दुसऱ्या रेणूच्या साखळीला कायमची बांधली जाते. काही आठवड्यांत, महिन्यांत सुटे रेणू जवळजवळ उरतच नाहीत. तेलाचे एक सलग जाळे बनते आणि त्यात धूळ व काजळी अडकून बसते. जवसाच्या तेलात कालवलेला चित्रकाराचा तैलरंग याच प्रक्रियेने वाळतो आणि बिडाच्या तव्याला तेल लावून तापवल्यावर त्यावर जो काळा गुळगुळीत थर चढतो, तोही याच कुळातला.

तेल किती वाळेल, याचा अंदाज आयोडीन मूल्यावरून येतो. १०० ग्रॅम तेल किती ग्रॅम आयोडीन शोषते ती ही संख्या आणि ती दुहेरी बंधांच्या प्रमाणात वाढते. जवसाच्या तेलाचे मूल्य साधारण १८०, नेहमीच्या करडई तेलाचे १४५च्या जवळपास, सूर्यफूल व सोयाबीनचे १३०च्या आगेमागे, शेंगदाण्याचे ९०च्या आसपास, तर खोबरेलाचे जेमतेम १० असते. म्हणून खोबरेलाचा थर दीर्घकाळ ओशट राहतो आणि पुसता येतो; करडईचा मात्र आधी मेणचट आणि मग जवळजवळ वार्निशासारखा होतो.

भांड्यांचा साबण तेलाच्या सुट्या रेणूंना वेढून पाण्यात ओढतो, पण हे जाळे त्याला वेढता येत नाही. ते आधी तोडावे लागते. साखळ्या ग्लिसरॉलला ज्या एस्टर बंधांनी जोडलेल्या असतात, ते अल्कलीने तुटतात आणि मळाचाच काही भाग साबण बनतो. खाण्याच्या सोड्याच्या द्रावणाचा सामू (pH, म्हणजे आम्ल-अल्कलीपणाचे माप; ७च्या जितका वर तितके द्रावण अधिक अल्कधर्मी) ८च्या थोडाच वर असल्याने त्याच्याने हे काम होत नाही; धुण्याच्या सोड्याचा ११च्या आसपास असतो आणि तो उपयोगी पडतो. गरम पाण्यात तो विरघळवून त्यात भिजवलेले फडके थरावर अर्धा तास पसरून ठेवावे, म्हणजे घासण्यात शक्ती वाया जात नाही. हातमोजे मात्र घालावेत. ॲल्युमिनियमची पाती किंवा चिमणीची जाळी या द्रावणात बुडवू नये, कारण अल्कली त्या धातूलाच खाते. ऑइल पेंट दिलेल्या लाकडावरही हा उपाय करू नये. त्या रंगाचा थरही तेलापासूनच बनलेला आणि अशाच एस्टर बंधांनी बांधलेला असतो, त्यामुळे सोडा मळ आणि रंग यांत फरक करत नाही. अशा कपाटाच्या माथ्यावर वर्तमानपत्र अंथरून ते दर दोन-तीन महिन्यांनी बदलणे हाच उत्तम मार्ग आहे.