पार्श्वभूमी : निवृत्ती बचतीची सरकारी मंडई आणि ‘ऐच्छिक’ या शब्दाचा घोळ

सिॲटल ज्या राज्यात आहे त्या वॉशिंग्टनमध्ये जुलै २०२७पासून निवृत्ती बचतीची नवी योजना लागू होणार आहे. ज्या मालकांकडे अशी कुठलीच सोय नाही, त्यांनी कामगारांच्या पगारातून रक्कम कापून राज्याच्या योजनेत भरायची. कामगाराला नको असेल तर त्याने तसं कळवायचं. कायदा २०२४चा. पण त्याआधी नऊ वर्षं याच राज्याने नेमका उलटा रस्ता धरला होता.

आपल्याकडे वीस माणसं कामावर आली की पीएफ मागे लागतो. अमेरिकेत सोशल सिक्युरिटी, म्हणजे केंद्राची सार्वत्रिक पेन्शन, सोडली तर खासगी मालकावर केंद्राची अशी सक्ती नाही. ४०१(के), म्हणजे पगारातून कापून भरायची मालकाची निवृत्ती योजना, ठेवली तर ठेवली. मोठ्या कंपन्या ठेवतात. आठ माणसांची बेकरी चालवणाऱ्याला त्यातला कागद, खर्च आणि जबाबदारी नको असते.

वॉशिंग्टनने २०१५ मध्ये यावर काढलेला तोडगा म्हणजे एक मंडईच होती. नगरपालिका गाळे बांधते, वजनंमापं तपासते, भाजी मात्र विकत नाही, तसं. खासगी वित्त कंपन्यांनी योजना मांडायच्या. राज्याने त्यांचे परवाने आणि योजनांच्या अटी पाहून त्यांना संकेतस्थळावर जागा द्यायची. शंभरपेक्षा कमी कामगार असलेल्या मालकाने तिथे यावं, बघावं, पटलं तर घ्यावं. गुंतवणूकदाराकडून वर्षाला १ टक्क्यापेक्षा जास्त शुल्क घ्यायचं नाही आणि मालकाकडून व्यवस्थापनाचा खर्च घ्यायचा नाही, एवढ्या दोन अटी दमदार होत्या. राज्य पैशाला हात लावणार नव्हतं. कुणावर सक्ती नाही, कुणाला दंड नाही.

नाव ‘मार्केटप्लेस’ ठेवल्याने गोंधळ वाढला. आरोग्य विम्याचे ‘मार्केटप्लेस’ २०१३च्या शेवटी सुरू झालेले होते आणि त्यांच्यामागे केंद्राचं अनुदान होतं, विमा न घेणाऱ्याला दंड होता. इथे यातलं काहीच नव्हतं, नाव तेवढं सारखं.

इतकं जपून पाऊल टाकायचं कारण १९७४चा केंद्रीय कायदा. मालकांच्या निवृत्ती योजनांवर नियम करायचा हक्क त्याने जवळजवळ पूर्णपणे केंद्राकडे घेतला. राज्याने त्यात लुडबुड केली की न्यायालयात कायदा पडायची भीती. सुटकेची एक फट १९७५च्या नियमात होती : मालक फक्त पगारातून कापून वैयक्तिक खात्यात भरत असेल, स्वतः काही घालत नसेल आणि कामगाराचा सहभाग ‘पूर्णतः ऐच्छिक’ असेल, तर ती मालकाची योजना धरली जाणार नाही.

सगळं अडलं ते या ‘पूर्णतः’वर. कॅलिफोर्निया, इलिनॉय, ऑरेगन यांना कामगाराला आपोआप खात्यात घालायचं होतं. नको त्याने बाहेर पडावं. पण न विचारता आत घातलेला माणूस ‘पूर्णतः ऐच्छिक’ कसा? नोव्हेंबर २०१५ मध्ये केंद्राच्या कामगार खात्याने दोन गोष्टी केल्या. वॉशिंग्टनसारखी मंडई चालेल, असा खुलासा काढला. आणि स्वयंचलित खात्यांसाठी वेगळ्या नियमाचा मसुदा आणला, त्यात ‘ऐच्छिक’ ठेवलं, ‘पूर्णतः’ गाळलं. २०१६ मध्ये नियम पक्का झाला. २०१७ मध्ये सत्ताबदलानंतर संसदेने तो रद्द केला. सिनेटमध्ये ५० विरुद्ध ४९ मतांनी.

मंडईवाल्यांचं फावायला हवं होतं, कारण त्यांचा खुलासा शाबूत होता. झालं उलटंच. ऑरेगनने त्याच वर्षी स्वयंचलित योजना चालू करून टाकली. वॉशिंग्टनची मंडई उघडायला मार्च २०१८ उजाडला आणि उघडली तेव्हा गाळे बोटांवर मोजण्याइतके. कायद्याने एक जागा केंद्राच्याच छोट्या बचत खात्याला दिली होती. ते खातं केंद्राने २०१७ मध्ये गुंडाळलं.

न्यू जर्सीची कथा आणखी बोलकी. तिथे विधिमंडळाने मालकांना सक्तीची स्वयंचलित योजना मंजूर केली होती. राज्यपालांनी ती परत पाठवली आणि जानेवारी २०१६ मध्ये तिच्या जागी मंडई आली. ती कागदावरच राहिली. राज्यपाल बदलले आणि २०१९ मध्ये सक्तीची योजना पुन्हा मंजूर झाली. माझ्या मते मंडईचं खरं काम तिथे दिसतं : नको असलेल्या कायद्याला थेट नकार न देता मार्गातून बाजूला करणं. वॉशिंग्टनमध्ये हेतू इतका वाकडा नव्हता, पण गृहीतक तेच. मालक योजना देत नाही कारण त्याला दुकान सापडत नाही, असं. प्रत्यक्षात तो शोधायलाच निघत नाही. पहाटे चारला भट्टी पेटवणारा माणूस शुल्काचे तक्ते ताडून बघत बसत नाही.

आणि ‘पूर्णतः’चं काय झालं? २०२१ मध्ये कॅलिफोर्नियाच्या योजनेवरच्या खटल्यात केंद्रीय अपील न्यायालयाने म्हटलं की ही योजना राज्याने उभी केली आहे, मालकाने नाही. म्हणून १९७४चा कायदा लागूच होत नाही. १९७५च्या फटीतून जायची गरजच नव्हती. पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायला नकार दिला. वॉशिंग्टन त्याच अपील न्यायालयाच्या हद्दीत येतं. त्यानंतर दोन वर्षांनी तिथे सक्तीचा कायदा झाला.