ल्युपिनो, आयडा

(४ फेब्रुवारी १९१८–३ ऑगस्ट १९९५). अमेरिकन अभिनेत्री आणि चित्रपट व दूरचित्रवाणी दिग्दर्शिका. जन्म लंडनचा, नाट्यव्यवसायी घराण्यातला. वडील स्टॅन्ली ल्युपिनो नावाजलेले विनोदी नट, तर आई कॉनी एमरल्ड अभिनेत्री. काही जुन्या संदर्भग्रंथांत जन्मवर्ष १९१४ आढळते; मात्र इंग्लंडमधील जन्मनोंद १९१८ ची असल्याने तेच ग्राह्य धरावे.

१९३३ मध्ये त्या हॉलिवूडला आल्या. १९४८ मध्ये अमेरिकन नागरिक झाल्या. वॉर्नर ब्रदर्सच्या करारात असताना भूमिका नाकारल्याबद्दल त्यांना निलंबन सोसावे लागले. तो रिकामा वेळ त्यांनी सेटवर दिग्दर्शन, छायालेखन व संकलन जवळून पाहण्यात घालवला.

त्यांचे दिग्दर्शन नेमके कोठून सुरू होते, यावर एकमत नाही. ‘नॉट वॉन्टेड’ (१९४९) या कुमारी मातेच्या कथेच्या श्रेयनामावलीत दिग्दर्शक म्हणून एल्मर क्लिफ्टन यांचे नाव आहे. चित्रीकरणाच्या सुमारास क्लिफ्टन यांना हृदयविकाराचा झटका आला व सूत्रे ल्युपिनो यांच्याकडे गेली. त्या या चित्रपटाच्या सहनिर्मात्या व सहलेखिकाही होत्या. छापील श्रेयच प्रमाण मानणारे अभ्यासक त्यांचे दिग्दर्शन पुढील चित्रपटापासून मोजतात. पण विषयाची निवड, पटकथा आणि प्रत्यक्ष चित्रीकरण पाहता ही कृती त्यांचीच मानणारे मत अधिक सयुक्तिक वाटते. पती कॉलियर यंग यांच्यासह चालवलेल्या ‘द फिल्ममेकर्स’ या संस्थेतर्फे त्यांनी बलात्कार, पोलिओ, द्विपत्नीत्व असे विषय अल्प खर्चात हाताळले. १९३४ मध्ये त्यांना स्वतःला पोलिओ झाला होता. ‘द हिच-हायकर’ (१९५३) हा त्यांचा सर्वाधिक चर्चिला गेलेला चित्रपट. डोरोथी आर्झनर यांच्यानंतर दिग्दर्शक संघटनेत प्रवेश मिळालेल्या त्या दुसऱ्या स्त्री होत.

चित्रपटेतिहासात त्यांची नोंद बहुधा इथेच थांबते, आणि हा मोठा अन्याय आहे. १९५६ पासून सुमारे दशकभर त्या प्रामुख्याने दूरचित्रवाणीच्या दिग्दर्शिका होत्या. शंभराहून अधिक भागांचा आकडा अनेकदा दिला जातो. तो ढोबळच समजावा. त्यांच्याकडे येणारे काम केवळ कौटुंबिक कथांचे नव्हते. ‘हॅव गन – विल ट्रॅव्हल’ ही वेस्टर्न, ‘द अनटचेबल्स’ ही गुन्हेगारीपट मालिका आणि ‘थ्रिलर’ ही भयकथामाला यांचेही भाग त्यांनी दिग्दर्शित केले.

‘द ट्वायलाइट झोन’ या अद्भुतकथांच्या दूरचित्रवाणीवरील मूळ मालिकेत अभिनय (१९५९) आणि दिग्दर्शन (१९६४) दोन्ही करणाऱ्या त्या एकमेव, तसेच तिच्या एकमेव स्त्री-दिग्दर्शिका. रॉड सर्लिंग यांनी लिहिलेल्या ‘द मास्क्स’ या भागात मरणासन्न धनिक आपल्या लोभी वारसांना मध्यरात्रीपर्यंत कुरूप मुखवटे घालायला लावतो. बराच वेळ नटांचे चेहरे झाकलेलेच, म्हणजे अभिनयाचे मुख्य साधनच हातचे गेलेले. मग आवाज, मानेची हालचाल, खुर्चीतली चुळबुळ यांवर भिस्त ठेवावी लागते. मुखवटे उतरतात तेव्हा खालचे चेहरे तसेच विद्रूप झालेले असतात. या धक्क्याची बांधणी अभ्यासण्याजोगी आहे.

सेटवरच्या त्यांच्या खुर्चीवर ‘आम्हा सर्वांची आई’ अशा अर्थाची अक्षरे असत. पुरुषप्रधान चमूकडून काम करवून घेण्याची ती युक्ती होती, असे काही लेखिका मानतात.

तिसरे पती हॉवर्ड डफ यांच्यासह ‘मिस्टर ॲडम्स अँड ईव्ह’ (१९५७–५८) या विनोदी मालिकेत त्यांनी काम केले. ‘द ट्रबल विथ एंजल्स’ (१९६६) हा त्यांनी दिग्दर्शित केलेला अखेरचा चित्रपट. सत्तरच्या दशकात त्या ‘कोलंबो’सारख्या मालिकांतून दिसल्या. लॉस अँजेलिस येथे त्यांचे निधन झाले.