बारा मोठे की दहा?

चोपड्याला बहिणीकडे गेलो की भाचा हमखास विचारतो, "मामा, यासमा भारी कोनतं शे?" नोव्हेंबर 2020 मध्ये दोन दिवसांच्या अंतराने बाजारात आलेल्या एक्सबॉक्स सिरीज एक्स आणि प्लेस्टेशन 5 या टीव्हीला जोडून गेम खेळायच्या यंत्रांबद्दल तो बोलत असतो. पहिल्याचे 12.15 टेराफ्लॉप, दुसऱ्याचे 10.28. म्हणजे निकाल लागलाच, असं त्याला वाटतं.

एक टेराफ्लॉप म्हणजे सेकंदाला एक लाख कोटी आकडेमोडी. हा आकडा साध्या गुणाकारातून येतो. एक्सबॉक्सच्या ग्राफिक्स चिपमध्ये गणित करणारे 52 गट आहेत, प्लेस्टेशनमध्ये 36. प्रत्येक गटात 64 गणक, चिपच्या घड्याळाच्या दर ठोक्याला प्रत्येकाच्या दोन क्रिया. एक्सबॉक्सचे ठोके सेकंदाला 182.5 कोटी, प्लेस्टेशनचे 223 कोटींपर्यंत. गुणून बघा, तेच आकडे येतील.

भाच्याला मी केळीच्या बागेचं उदाहरण दिलं. गाडी भरायला 52 माणसं उभी केली, पण बागेतून घड वाहून आणणारेच अपुरे पडले, तर निम्मी माणसं बांधावर बसून राहतात. चिपचंही तसंच. सगळे गट सतत कामाला लावणं गेम लिहिणाऱ्याला जमलं, तरच 18 टक्क्यांची आघाडी पडद्यावर दिसते. शिवाय त्रिकोण रेखाटणारे भाग आणि चिपमधली छोटी स्मृती ठोक्यांच्या वेगानेच पळतात, आणि तिथे प्लेस्टेशन 22 टक्क्यांनी पुढे. मेमरीत मात्र एक्सबॉक्सच्या 10 जीबीला सेकंदाला 560 जीबीचा रस्ता आहे, उरलेल्या 6 जीबीला फक्त 336. प्लेस्टेशनच्या सगळ्या 16 जीबीला 448.

मग तुलना करायची कशी? 4के चित्रात सुमारे 83 लाख ठिपके असतात आणि सेकंदाला 60 चित्रं हवी असतील, तर एका चित्राला जेमतेम 16.7 मिलिसेकंद मिळतात. वेळ पुरेनासा झाला की बरेच गेम गुपचूप ठिपके कमी करतात. म्हणून एकाच गेममधला धूर आणि गर्दीचा तोच प्रसंग दोन्हीकडे लावायचा, आणि चित्रांचा वेग व ठिपके दोन्ही मोजायचे. नुसता वेग मोजून भांडण मिटत नाही.

मे महिन्यातल्या उन्हाचं काय, हेही भाच्याने विचारलं. प्लेस्टेशनचे ठोके खोलीच्या तापमानावर नाही, तर चिपवर पडणाऱ्या कामाच्या भारावर कमी-जास्त होतात. पण हे यंत्र चालवायची शिफारस 35 अंशांपर्यंतचीच, आणि आपल्याकडे पारा 45 गाठतो. बहिणीने त्याच दिवशी टीव्हीच्या कपाटाची मागची फळी काढून टाकली.