अमेरिकन मराठी मिशन, मुंबई (स्थापना १८१३)

अमेरिकेतून परदेशी गेलेल्या प्रोटेस्टंट मिशनऱ्यांनी भारतात टिकवलेले पहिले ठाणे. बोस्टनच्या ‘अमेरिकन बोर्ड’ या १८१० साली निघालेल्या संस्थेने ते चालवले. ठाणे म्हणजे मिशनरी कायम वस्तीला राहून जिथून प्रचार, शाळा, छपाई चालवतात ते ठिकाण. साष्टीतल्या ठाणे शहराशी त्याची गल्लत नको, जरी पुढे तिथेही या मिशनचे एक ठाणे झालेच.

फेब्रुवारी १८१२ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील सेलम येथे पाच तरुणांना दीक्षा मिळाली आणि दोन जहाजांतून ते कलकत्त्याला निघाले. ईस्ट इंडिया कंपनीला मिशनरी नकोच होते. धर्मात ढवळाढवळ झाली की शिपाई बिथरतात, हा धडा तिने १८०६ च्या वेल्लोरच्या बंडातून घेतला होता. त्यात जून १८१२ मध्ये अमेरिका आणि इंग्लंड यांच्यात युद्ध पेटले, म्हणजे पाहुणे शत्रुराष्ट्राचेच ठरले. परत जाण्याचा हुकूम सुटला आणि पाच जणांची पांगापांग झाली. जडसन व राइस बाप्टिस्ट या दुसऱ्या प्रोटेस्टंट पंथात गेले. त्यांपैकी जडसन ब्रह्मदेशात गेले, राइस मायदेशी परतले. न्यूएल मॉरिशसला पोचले, पण तिथे त्यांची १९ वर्षांची पत्नी हॅरिएट वारली. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट मात्र मुंबईच्या जहाजात चढले. फेब्रुवारी १८१३ मध्ये ते मुंबईत उतरले, तोच त्यांना इंग्लंडला धाडण्याचे कलकत्त्याच्या वरिष्ठ सरकारचे फर्मान मागोमाग आले.

मुंबईचे गव्हर्नर सर इव्हान नेपिअन स्वतः बायबल छापून वाटणाऱ्या बायबल सोसायटीच्या बाजूचे होते, पण हुकूम वरचा. त्यांनी होता होईल तेवढी टोलवाटोलवी केली. वर्षअखेरीस आता काही धडगत नाही असे पाहून हॉल व नॉट देशी गलबतातून सिलोनच्या दिशेने गुपचूप निघाले. कोचीनला ते अडकले आणि तिथून त्यांना परत मुंबईला आणण्यात आले. या पळण्याने नेपिअन यांची पंचाईत झाली असणार. हॉल यांनी त्यांना लांबलचक पत्र लिहून धर्मकार्यासाठी आलेल्या माणसाला हुसकावण्याचा जाब विचारला. इकडे ही ओढाताण चालू असताना लंडनमध्ये खासदार विल्बरफोर्स प्रभृतींच्या खटपटीने कंपनीच्या १८१३ च्या सनदी कायद्यात मिशनऱ्यांना भारताची वाट मोकळी करणारे कलम आले होते. शेवटी राहण्याची परवानगी मिळाली. स्थापनेचे साल १८१३ धरतात, पण त्या वर्षाचा बहुतेक काळ नुसता तग धरण्यातच गेला. प्रत्यक्ष काम १८१४ पासूनचे.

मॉरिशसहून सिलोनला गेलेले न्यूएल तिथून येऊन मिळाले, तर नॉट प्रकृतीमुळे १८१५ मध्ये परतले. बाजारात, देवळांजवळ उभे राहून मराठीत बोलणे हा हॉल यांचा रोजचा क्रम. शाळा निघाल्या, त्यांत बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजातली, मुलेही येत आणि शिक्षकही त्या समाजातले असत. १८२४ मध्ये मुलींची शाळा सुरू झाली. १८१८ मध्ये माहीमला ॲलन ग्रेव्ह्ज व ठाण्याला जॉन निकोल्स यांनी बस्तान मांडले. बाप्तिस्मे मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. त्या हिशेबाने मिशन फसलेच म्हणावे लागेल.

पण तो हिशेब अपुरा आहे. छपाईचे काम जाणणारे होरॅशियो बार्डवेल १८१६ मध्ये आले आणि मार्च १८१७ मध्ये मिशनच्या छापखान्यातून पहिली मराठी पुस्तिका बाहेर पडली, अवघी आठ पानांची. तोवर मुंबईत मराठी मजकूर बहुतांशी हस्तलिखितच असे. याच छापखान्यात उमेदवारी केलेल्या टॉमस ग्रॅहम यांनी देवनागरी टाइप घडवले. पुढे निर्णयसागर छापखान्याचे संस्थापक झालेले जावजी दादाजी इथेच पोरवयात टाइप घासायला लागले होते. संस्कृत पोथ्यांच्या ज्या छपाईचा आपण अभिमान बाळगतो, तिचे एक मूळ असे मिशनच्या खिळ्यांत, म्हणजे टाइपांत, आहे.

माणसे मात्र भराभर गेली. न्यूएल १८२१ मध्ये पटकीने (कॉलऱ्याने) वारले, निकोल्स १८२४ मध्ये. हॉल मार्च १८२६ मध्ये दोन ख्रिस्ती पोरांना घेऊन नाशिककडे निघाले. तिथे पटकीची साथ होती. जवळची औषधे आणि पुस्तके वाटून ते परत फिरले आणि वाटेत एका देवळाच्या आसऱ्याला थांबले असता, २० मार्चला, काही तासांत पटकीनेच गेले. वय ४१. त्या दोन पोरांनी कशीबशी जागा मिळवली, त्यांना घोंगडीत गुंडाळले आणि शवपेटीविनाच पुरले. पत्नी व मुले आदल्या वर्षीच अमेरिकेला गेली होती. त्यांनी तपासलेला मराठी नवा करार त्याच वर्षी छापून पूर्ण झाला.

१८३१ मध्ये अहमदनगरला (आताचे अहिल्यानगर) नवे ठाणे उभे राहिले आणि मिशनचा भार हळूहळू मुंबईहून तिकडे सरकला. १८४२ मध्ये ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक निघाले, तेही नगरहूनच.