रीळ गेलं, किल्ली आली

35 मिलिमीटर फिल्मच्या एका फुटात 16 चौकटी बसतात आणि सेकंदाला 24 चौकटी सरकतात. म्हणजे मिनिटाला 90 फूट. अडीच तासांच्या चित्रपटाची प्रिंट त्यामुळे 13,500 फूट, चार किलोमीटरहून लांब भरायची. आज तोच चित्रपट 'डिजिटल सिनेमा पॅकेज', म्हणजे डीसीपी होऊन हार्ड डिस्कवर येतो.

डीसीपीचे नियम हॉलिवूडच्या मोठ्या स्टुडिओंनी मिळून 2005 मध्ये पक्के केले. 2के प्रतीची पूर्ण चौकट 2048 × 1080 बिंदूंची. प्रत्येक बिंदूचे रंगाचे तीन घटक, प्रत्येकाला 12 बिट. हिशोब केला तर एका चौकटीला जवळपास 10 एमबी आणि सेकंदाला 240 एमबी होतात. नियमाची मर्यादा मात्र सेकंदाला 250 मेगाबिट, म्हणजे साधारण 31 एमबी. ही जवळजवळ आठपट दाबणी जेपीईजी 2000 या पद्धतीने होते. मोबाइलवरचा व्हिडिओ बहुतेक वेळा लगतच्या चौकटींमधला फरक तेवढा साठवतो, म्हणून एक चूक पुढे पसरत जाते. डीसीपीत प्रत्येक चौकट स्वतंत्र दाबलेली असते. एक बिघडली तरी शेजारची शाबूत राहते. आवाज तर दाबतच नाहीत.

फाइल सहसा कुलूपबंद असते. किल्ली म्हणजे केडीएम, काही किलोबाइटची छोटी फाइल, ईमेलनेही येते. ती चित्रपटगृहातल्या एकाच सर्व्हरच्या (चित्रपट चालवणाऱ्या संगणकाच्या) प्रमाणपत्रासाठी, म्हणजे त्याच्या डिजिटल ओळखीसाठी बनते आणि ठरलेल्या तारखा-वेळांमध्येच चालते. शो अडतो तो बहुधा इथे. सर्व्हरचं मीडिया ब्लॉक, म्हणजे कुलूप उघडून चित्र दाखवणारा भाग, बदललं पण नवं प्रमाणपत्र वितरकाला कळवलं नाही, तर किल्ली लागत नाही. किल्ली बनवताना भारतीय वेळेचा साडेपाच तासांचा फरक चुकला, तर सकाळच्या खेळाला कुलूप उघडत नाही. आणि सर्व्हरचं घड्याळ मागेपुढे करून सुटका होत नाही, कारण वर्षभरात ते फार तर सहा मिनिटं हलवता येतं. किल्ली आदल्या दिवशीच सर्व्हरवर चढवून तपासावी, हाच खरा उपाय.

स्वतंत्र निर्मात्यांच्या डीसीपीत वेगळ्या चुका सापडतात. सगळ्यात महागात पडते ती फ्रेम रेटची, म्हणजे सेकंदाला किती चौकटी याची. 25 फ्रेमने संकलित केलेला चित्रपट 24 वर उतरवताना 100 मिनिटांचा 104 मिनिटांहून थोडा जास्त होतो. आवाज त्याच प्रमाणात ताणला नाही, तर ओठ आणि संवाद यांची फारकत होत जाते. ही तफावत मिनिटाला जवळपास अडीच सेकंदांनी वाढत जाते, म्हणून चाचणीत शेवटचं दृश्यही बघायलाच हवं. दुसरी चूक रंगाची: टीव्हीसाठीचे रंग डीसीपीच्या एक्सवायझेड रंगव्यवस्थेत न बदलता तसेच भरले, की माणसांच्या चेहऱ्यांचा रंगच बिघडतो. तिसरी, फक्त डाव्या-उजव्या स्पीकरवर टाकलेले संवाद. कडेला बसलेल्या प्रेक्षकाला सगळं बोलणं जवळच्या भिंतीतून आल्यासारखं वाटतं. संवाद मधल्या स्पीकरलाच हवेत. तो पडद्यामागे असतो आणि पडद्याला पडलेल्या बारीक छिद्रांतून आवाज येतो. (बहुतेक नव्या एलईडी पडद्यांमागे स्पीकर लपवता येत नाहीत, तिथे ध्वनी अभियंत्यांना वेगळी मांडणी शोधावी लागते.)

डिस्क शक्यतो लिनक्सच्या ईएक्सटी2 किंवा ईएक्सटी3 पद्धतीने फॉरमॅट करावी. विंडोजची एनटीएफएस पद्धत काही सर्व्हर वाचत नाहीत. 200 जीबीची प्रत सेकंदाला 30 एमबीच्या वेगाने चढवायला जवळपास दोन तास लागतात. खेळाच्या अर्धा तास आधी डिस्क हातात देणं म्हणजे खेळ रद्द करण्यासारखंच आहे.

जतनाचा विचार तर याहून मोलाचा. जुनी प्रिंट खराब झाली तरी दिव्यासमोर धरली की चित्र दिसतं. कुलूपबंद डीसीपीच्या केडीएमची मुदत संपली आणि मूळ किल्ल्या हरवल्या, तर डिस्क धडधाकट असूनही चित्रपट गेला. म्हणून निर्मात्याने प्रदर्शनाच्या प्रतीबरोबर कुलूप नसलेली एक प्रत बनवून घ्यावी, ती दोन डिस्कवर भरून दोन वेगळ्या गावांत ठेवावी आणि वर्षातून एकदा सगळ्या फाइल्सचे हॅश (फाइलमधल्या मजकुरावरून काढलेली खूण) डीसीपीतल्या पॅकिंग लिस्ट या यादीत नोंदलेल्या हॅशशी जुळवून पाहावेत. एक अक्षर जरी जुळलं नाही, तरी त्याच दिवशी दुसऱ्या गावातल्या प्रतीवरून नवी डिस्क भरून घ्यावी.